एकास साडेतीनशे

पाणबुडी ही वस्तू मुळात कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून बांधतात. ती समुद्रात असताना दिसली, तर बांधणाऱ्याचं आणि चालवणाऱ्याचं अशा दोघांचंही कुठेतरी बिनसलं, असा तिचा साधा हिशेब. अशा या वस्तूची हुबेहूब प्रतिकृती करून ती काचेच्या पेटीत, वर दिवा सोडून, आल्यागेल्याला दिसेल अशी मांडणारी एक जमात जगभर पसरलेली आहे. तिचा चिंचपोकळीतला, माझ्या माहितीतला तरी, एकमेव सभासद मी.

जमातीचा धर्म सोपा आहे. खोक्यातून प्लास्टिकचे सुटे भाग निघतात. सामान्य माणसं ते चिकटवतात, रंगवतात आणि वेळेवर जेवायला बसतात. आम्ही आधी किट काढणाऱ्या कंपनीचं कुठे कुठे चुकलंय ते शोधतो. त्यासाठी पुस्तकं जमवतो, आराखडे जमवतो, कुणी बोटीवरून काढलेले धूसर फोटो मोठे करून भिंग लावून बघतो. मग ते भाग कापतो, घासतो, नवे बनवतो. खोकं उघडल्यापासून पहिला भाग चिकटेपर्यंत जितका काळ जाईल तितकी त्या माणसाची प्रतिष्ठा मोठी. काहीजण जन्मात काहीच चिकटवत नाहीत. ते आमचे महर्षी.

माझं किट होतं जर्मनांच्या '२०९' जातीच्या पाणबुडीचं. ही पाणबुडी डझनाहून अधिक देशांच्या नौदलांनी घेतली, साठाच्या वर बांधल्या गेल्या, आणि खुद्द जर्मन नौदलाने एकही घेतली नाही. यातून काय समजायचं ते ज्याने त्याने समजावं. माझ्या खोक्यावर झेंडा कोरियाचा होता. मला करायची होती आपली 'शल्की'.

'शल्की'च का, तर ती शेजारची. कीलच्या जर्मन कारखान्याशी ११ डिसेंबर १९८१ ला करार झाला. पहिल्या दोन पाणबुड्या, 'शिशुमार' आणि 'शंकुश', तिकडेच बांधून १९८६ मध्ये ताब्यात आल्या. पुढच्या दोन माझगाव डॉकमध्ये बांधायच्या ठरल्या. त्यातली 'शल्की' ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात दाखल झाली. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी. आमच्या चाळीतून निघून घोडपदेववरून चालत गेलं तर जिथे ती जन्मली ते फाटक पाऊण तासावर आहे. इतक्या जवळचं माणूस सोडून कोरियाची पाणबुडी शोकेसमध्ये ठेवणं मनाला पटेना.

फरक मात्र होता. कोरियाची ५६ मीटर लांब, आपली ६४.४ मीटर. एकास साडेतीनशे या प्रमाणात ती १६ सेंटिमीटर भरते आणि ही १८.४. म्हणजे फरक २४ मिलिमीटरचा. चिंचपोकळी स्टेशनपासून लालबागच्या मार्केटपर्यंत कुणालाही हे सांगितलंत तर तो म्हणेल, "जाऊ दे ना." आमच्या जमातीत 'जाऊ दे ना' म्हणणाऱ्याला वाळीत टाकतात.

तेव्हा हॅकसॉचं बारीक पातं घेऊन मी पाणबुडी मधोमध कापायला बसलो. आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "नवीकोरी वस्तू कापतोस कशाला?"

"मोठी करायचीय."

आईने शेंगा सोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं. ही ओट्याशी होती. पाठ न वळवता म्हणाली, "झालं की ही खोली पण मधे कापून आठ मीटर लांब करा. मोरी तेवढी मागे सरकवा."

कापलेल्या दोन तुकड्यांमध्ये प्लास्टिकच्या पत्र्याच्या चकत्या एकीवर एक चिकटवून २४ मिलिमीटरचा ठोकळा बसवला. सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वाळल्यावर ओला वॉटर पेपर फिरवला. पेरिस्कोपला इंजेक्शनची सुई वापरली. अँटेनासाठी किटचीच उरलेली काडी देवघरातल्या निरांजनावर तापवून, मऊ झाल्याबरोबर दोन्हीकडून ओढली की केसासारखा धागा निघतो. निरांजनाला प्लास्टिकचा वास लागला आणि घरात काही काळ मौन पाळलं गेलं, पण अँटेना सुरेख झाल्या.

इथपर्यंत सगळं जमातीच्या शास्त्राप्रमाणे चाललं होतं. पुढे काका आले.

भिंतीपलीकडच्या खोलीतले काका माझगाव डॉकमधून निवृत्त झालेले वेल्डर. १९८२ साली संप सुरू होऊन आमच्या भोवतालच्या गिरण्यांचे भोंगे एकेक करून मुके झाले, त्या दिवसांत अर्ध्या चाळीत चुलीची चिंता होती आणि काका पाणबुडीचं वेल्डिंग शिकण्याच्या मार्गाला लागले होते. हे काम साध्या गेट-ग्रिलचं नव्हे. पाणबुडीच्या आतल्या दाबपेटीचा जोड पक्का आहे की नाही हे डोळ्यांनी बघून ठरत नाही, त्याचा एक्स-रे काढतात. आत हवेचा बारीकसा बुडबुडा किंवा मळीचा कण दिसला की जोड उकरायचा आणि पुन्हा मारायचा. अशा जोडांवर काकांची उमेदीची वर्षं गेली. मे १९९४ मध्ये 'शंकुल'ही नौदलात गेली आणि पाणबुडीचं काम संपलं. पुढची ऑर्डर, फ्रेंच स्कॉर्पीनची, आली २००५ मध्ये. मधली अकरा वर्षं शिकून तयार झालेले हात दुसऱ्या जहाजांवर गेले, काही घरी गेले. काका याबद्दल एकच वाक्य बोलतात, तेही गणपतीत, चहा पिताना : "हात गरम होता तेव्हा काम काढून घेतलं." स्कॉर्पीन जातीची नवी 'कलवरी' १४ डिसेंबर २०१७ ला दाखल झाली, तोवर काका पेन्शनीत निघाले होते.

तर काकांनी माझी 'शल्की' हातात घेतली. खिडकीच्या उजेडाकडे धरली. अंगठ्याचं नख सांध्यावरून सावकाश फिरवलं.

"चुकलंय," म्हणाले.

"कुठं?"

"ते सांगता येत नाय."

"म्हणजे?"

"सही केलीय."

जमातीत आजवर मला पुष्कळ टीकाकार भेटले, पण ते चूक दाखवतात, आकडे देतात, फोटो तोंडावर फेकतात. इथे चूक आहे हे सांगणारा माणूस पूर्ण अधिकारी, आणि चूक कोणती हे सांगायला कायद्याने बांधलेला. मी नाना तऱ्हेने विचारून पाहिलं. वाढवलेली लांबी वरच्या मनोऱ्याच्या पुढे यायला हवी की मागे? काका म्हणाले, "सूनबाईला चहा टाकायला सांग." या वर्गाच्या पाणबुडीच्या पोटात एक गोळा आहे, संकट आलं तर चाळीसच्या चाळीस माणसं त्यात शिरून वर येऊ शकतात, हे छापील पुस्तकात आहे. त्याचं झाकण डेकवर नेमकं कुठे? काका म्हणाले, "साखर कमी."

मी म्हटलं, "अहो काका, टॉर्पीडोच्या नळ्या आठ आहेत हे तरी जगजाहीर आहे."

"तुला जगाने सांगितलं ना? मग जगालाच विचार."

एक गोष्ट मात्र त्यांनी बोलून दाखवली, कारण ती बोटीबद्दल नव्हती, किटबद्दल होती. (काका पाणबुडी म्हणत नाहीत, बोट म्हणतात. पाणबुडी म्हटलं की त्यांना पक्षी आठवतो.) किटच्या अंगावर पत्र्यांचे जोड दाखवायला बारीक रेघा कोरलेल्या असतात. काकांनी त्यातल्या एका रेघेत नख घातलं. "ही केवढी?"

"पाव मिलिमीटरसुद्धा नसेल."

"गुणिले साडेतीनशे कर."

मी केलं. सात-आठ सेंटिमीटर निघाले.

"माझा हात जाईल ह्या फटीत. बोट बुडेल."

"काका, ती बुडायचीच असते."

काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला शाळेतले ड्रिलचे मास्तर आठवले. "बुडणं वेगळं, डाइव्ह मारणं वेगळं," ते म्हणाले. "एक्स-रे काढलास का जोडाचा?"

सगळ्या रेघा मी लांबी भरून बुजवल्या. एक्स-रेचा विषय त्यांनी पुढेही काढला. केईएम हॉस्पिटल जवळच आहे, असंही सुचवलं. काका विनोद करतात की नाही हे चाळीत कुणालाच ठाऊक नाही.

काकांची ही सावधगिरी अतिरेकी वाटेल, पण तिला थोर परंपरा आहे. १९६१ मध्ये रेव्हेल या अमेरिकन कंपनीने पोलॅरिस क्षेपणास्त्रं नेणाऱ्या अणुपाणबुडीचं किट बाजारात आणलं. टरफल उघडलं की आतली यंत्रं, खोल्या, सगळं दिसायचं. अमेरिकेच्या अणुनौदलाचा जनक मानला जाणारा ॲडमिरल रिकोव्हर ते पाहून भडकला. लाखो डॉलरची माहिती रशियनांना २ डॉलर ९८ सेंटला मिळते आहे, अशी त्याची तक्रार होती. किट तपशिलात इतकं अचूक निघालं की सेनापतीने कपाळाला हात लावावा, हा आमच्या जमातीच्या इतिहासातला सुवर्णक्षण. त्यानंतर कंपन्यांनी बहुधा धडा घेतला असावा. माझ्या कोरियन किटवरून कुणाला कसलंच गुपित कळण्याचा धोका नव्हता.

आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये स्कॉर्पीनची २२,४०० पानं फुटल्याची बातमी एका ऑस्ट्रेलियन वर्तमानपत्राने छापली, तेव्हाची गोष्ट. आपल्याकडच्या पेपरांत ती आली त्या सकाळी काकांनी पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, चार घड्या घालून बगलेत मारला, गॅलरीत येऊन उभे राहिले आणि कुणीही न विचारता चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मी नाय."

सगळ्यात अवघड पंख्याचं. पाणबुडीच्या शेपटाचा पंखा हा तिचा खरा लपवायचा अवयव. त्याला पाती किती, ती किती वळलेली, फिरताना पाण्यात बुडबुडे कधी उठतात, यावर तिचा आवाज ठरतो, आणि पाण्याखाली तिला ओळखतात ते त्या आवाजावरूनच. म्हणून पाणबुडीचं जलावतरण असलं की बाकी सगळी ती मांडवात उभी असते, माळा काय, मंत्री काय, बँड काय, आणि शेपटाशी पंख्यावर कापड. लग्नातला अंतरपाट निदान मंगलाष्टकं आटोपली की खाली जातो. हा जन्मभर धरलेलाच. तोही एकदा सुटला होता. २००७ मध्ये अमेरिकेतल्या बँगोरच्या तळावर सुक्या गोदीत उभ्या असलेल्या पाणबुडीचा उघडा पंखा इंटरनेटवरच्या नकाशात, वरून काढलेल्या फोटोत, अख्ख्या जगाला दिसला. जमातीत त्या दिवशी दिवाळी होती म्हणतात.

'शल्की'च्या पंख्याचा धड फोटो मला मिळेना. नौदल दिनाच्या बातम्या चाळल्या, डिसेंबर २०११ मधल्या राष्ट्रपतींच्या नौदल पाहणीचे मुंबईतले फोटो चाळले. पाणबुडी रांगेत उभी, वर पांढऱ्या गणवेशातले नौसैनिक उभे, आणि तिचा बराचसा भाग पाण्याखाली. किटमधला पंखा काकांना दाखवला. काका हसले. इतक्या वर्षांच्या शेजारात मी काकांना हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे तो पंखा गेला कचऱ्यात. दुसरा बनवला, तेव्हा ते हसले नाहीत पण मान फिरवली, हे त्याहून वाईट.

शेवटी मला सुचलं. टिश्यू पेपरचा तुकडा फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून मी माझ्या पंख्याभोवती गुंडाळला, वरून दोऱ्याने बांधला, वाळल्यावर ताडपत्रीचा रंग दिला. जगाला जेवढं दिसतं तेवढंच हुबेहूब. संपूर्ण पाणबुडीत या एकाच भागाला काकांनी नाव ठेवलं नाही. उलट दोऱ्याची गाठ बघून म्हणाले, "हां."

रंगाचं प्रकरण मला सोपं वाटलं होतं, कारण पाणबुडी काळी. पण एकास साडेतीनशे प्रमाणातली वस्तू फूटभरावरून पाहिली तर ती खरी वस्तू साडेतीनशे फुटांवरून पाहिल्यासारखी व्हायला हवी, आणि तेवढ्या अंतरावर मधल्या हवेमुळे काळा रंग काळा राहत नाही, जरासा फिकटतो. म्हणून छोट्या मॉडेलला निखळ काळा द्यायचा नाही, त्यात थोडा करडा मिसळायचा, असं शास्त्र आहे. आमच्याकडची डिसेंबरातली हवा धरली तर सबंध पाणबुडी करडीच रंगवावी लागेल, तो भाग वेगळा.

माझ्याकडे रंगाची फवारणी करायची गन नाही. ती आहे परळच्या गणपतीच्या कारखान्यात. जून-जुलैत तिथे मंडपाखाली शिरलात तर बाप्पांच्या मांड्यांखालून वाकून जावं लागतं, पायाखाली प्लास्टरचा चिखल, आणि वर परांचीवर चढून कुणीतरी सोंडेवर गन मारत असतो. मी तिथल्या रंगाऱ्याला भीतभीत सांगितलं, "काळा हवाय, पण लांबून दिसतो तसा काळा." जमातीबाहेर हे वाक्य उच्चारल्यावर माणसं सहसा घड्याळाकडे बघतात. त्याने डब्यात काळा ओतला, पांढऱ्याचा एक थेंब सोडला, काडीने ढवळला, आणि काडी उजेडात धरून विचारलं, "एवढा?"

त्याला समजावून सांगायची गरजच नव्हती. वीस फुटी मूर्तीची आखणी करताना डोळा मूर्तीसमोर परांचीवर उभं राहून बघून चालत नाही. खाली रांगेत उभ्या माणसाला तो कसा दिसेल त्या हिशेबाने बुबुळ खाली घ्यावं लागतं, पापणी जाड करावी लागते. मी पुस्तकं चाळून जे शिकलो होतो ते त्याच्या मनगटात होतं, फक्त उलट्या दिशेने. गनचे दोन हात मारून झाल्यावर त्याने पाणबुडी वळवून नाकाच्या बाजूने पाहिली आणि प्रामाणिकपणे विचारलं, "डोळे काढू?"

पाणबुडी तयार झाली. काकांचं 'चुकलंय' काही मिटलं नाही. मग मी निराळाच मार्ग धरला. त्यांच्यासमोर बसून मॉडेलच्या एकेका भागावर पेन्सिलीचं टोक ठेवायचं आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. मनोऱ्यावर टोक ठेवलं तर डावी भुवई किंचित हलते. पुढच्या पंखांशी गेलं की ते नाक ओढतात. मी भुवई बघून कानस चालवू लागलो. मनोरा थोडा बसका केला, भुवई थांबली. जगातलं कुठलंही गुप्तहेर खातं याहून वेगळ्या पद्धतीने काम करत असेल असं मला वाटत नाही. एकदा तर पेन्सिल डेकवर फिरवताना काकांचा श्वास रोखल्यासारखा वाटला. मी धडधडत्या छातीने तिथे झाकण कोरायला घेतलं. नंतर कळलं, त्यांना दम्याचा त्रास आहे.

याच सुमारास गल्लीतल्या मंडळाची मुलं आली. आमचं मंडळ चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या तोडीचं नाही. चिंतामणीचं मंडळ १९२० चं, त्याच्या आगमनाच्या दिवशी चिंचपोकळीच्या पुलावर मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. आमचा गणपती गल्लीतला, पण त्यालाही दरवर्षी देखावा लागतोच. मुलांनी माझी 'शल्की' पाहिली, मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढले आणि यंदाचा देखावा पक्का झाला : सागराच्या तळाशी पाणबुडी, पाणबुडीत बाप्पा. फ्लेक्सवर माझं नाव 'पाणबुडी मार्गदर्शक' म्हणून छापून आलं, अध्यक्षांच्या खाली आणि खजिनदारांच्या वर. मार्गदर्शन मात्र कुणी विचारलं नाही.

पंधरा फुटी पाणबुडी उभी राहू लागली. २०१८ पासून थर्मोकोलवर बंदी, म्हणून लोखंडी अँगलचा सांगाडा आणि वर प्लायवूड. मी बघायला गेलो तर दोन्ही अंगांना गोल खिडक्या कापलेल्या.

"अरे, पाणबुडीला खिडक्या नसतात."

"मग आत लाइट लावलेला दिसणार कसा?" मुलांनी विचारलं. याला जमातीच्या कुठल्याही ग्रंथात उत्तर नाही. शेपटाच्या पंख्याला तर मोटर होती आणि पात्यांना एलईडीच्या माळा. मी कापडाचं सुचवून पाहिलं. पोरं म्हणाली, मोटरीत अडकेल.

खिडक्यांबद्दल त्यांनी काकांनाही विचारलं होतं. काका म्हणाले होते, ते सांगता येत नाय. मुलांनी होकार धरला.

पण त्या रात्री काका दुधाची पिशवी घेऊन परत येताना सांगाड्यापाशी थांबले. एलईडीकडे पाहिलं नाही, खिडक्यांकडे पाहिलं नाही. खाली वाकून अँगलच्या एका जोडावर बोटाच्या पेराने टकटक केलं, मग पुढच्या जोडावर.

"हे कुणी मारलं?"

फॅब्रिकेशनवाल्याचा पोरगा पुढे झाला. काकांनी दुधाची पिशवी माझ्याकडे दिली, त्याच्या हातातून होल्डर घेतला, काच तोंडासमोर धरली. चाळीतल्या लोकांनी गॅलरीतून हाका मारल्या, काकींनी दोनदा मारल्या. काका एकेक जोड ग्राइंडरने उकरत होते आणि पुन्हा मारत होते. पोरं बॅटरी धरून उभी होती, मी दूध धरून उभा होतो. पांढऱ्या उजेडात काकांचा हात इतका सावकाश सरकत होता की तो हलतोय हे मागे राहिलेल्या रेघेवरूनच कळायचं. रेघ निवल्यावर त्यांनी वरची मळी ठोकून पाडली. खाली एकसारखे, एकावर एक टेकलेले, माशाच्या खवल्यांएवढे बारीक वळ. मी मनातल्या मनात भागिले साडेतीनशे केलं आणि माझ्याकडच्या सगळ्यात बारीक कानशीचा विचार सोडून दिला.

देखावा गाजला. खिडक्यांतून हिरवा उजेड, पंखा गरगर, पेरिस्कोप वर-खाली, बाप्पा प्रसन्न. अनंत चतुर्दशी झाली, मूर्ती चौपाटीला गेली, आणि दुसऱ्या दिवशी मुलं देखावा मोडायला आली. प्लाय निघालं, एलईडी निघाल्या. सांगाडा निघेना. आधी हातोडा झाला, मग घण झाला. अँगल वाकले, पण जोड एकही सुटला नाही. गल्लीतून टेम्पो जाईना म्हणून शेवटी रे रोडवरून एका कटिंगवाल्याला बोलावलं. त्याने डिस्क झिजवली, दुसरी लावली, तीही झिजवली, घाम पुसला आणि वर गॅलरीकडे बघत ओरडला, "अरे, हे वेल्डिंग केलंय तरी कुणी?"

काका पेपर वाचत होते. पेपर खाली न घेता म्हणाले, "ते सांगता येत नाय."